भुसावळच्या उन्हात गेमिंग पीसी

मार्च २०२४मध्ये भाच्याने मला गेमिंग पीसीच्या एका कोटेशनचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती: "मामा, घेऊन टाकू का? आज पक्कं केलं तर दोन हजार कमी करतो म्हणतायत."

भाचा भुसावळला राहतो, तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. बारावीपर्यंत त्याने दाजींच्या जुन्या लॅपटॉपवर दिवस काढले. त्या वर्षी ताईची भिशी लागली, दाजींनी त्यात भर घातली आणि ८०,००० रुपये जमले. त्या घरात एका वस्तूवर एवढा पैसा एकरकमी आजवर गेला नव्हता. म्हणून मी त्याला कळवलं, "आज नको, रविवारपर्यंत थांब," आणि ते कोटेशन समोर घेऊन बसलो. पुढच्या दोन महिन्यांत जे जे झालं ते इथे सगळं मांडतोय, माझ्या हातून झालेल्या चुकीसकट. कारण पीसीचे पार्ट कसे निवडावेत यावर जे वाचायला-बघायला मिळतं, ते बहुतेक थंड खोलीत बसून सांगितलेलं असतं. भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो.

कोटेशनमध्ये काय होतं

आकडा होता ७९,७०० रुपये. इंटेल कोअर आय५ १२४००एफ प्रोसेसर, सगळे पार्ट ज्यावर बसतात तो एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, फायली साठवायला ५१२ जीबी एसएसडी, गेमची चित्रं तयार करणारं एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, पाण्याचा कूलर, समोर काच आणि आत रंगीत दिवे असलेलं कॅबिनेट, २७ इंची वक्र मॉनिटर, दिव्यांचाच कीबोर्ड-माउस आणि हेडफोन. शेवटून दुसऱ्या ओळीत 'गेमिंग एसएमपीएस ६५० वॉट', म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नंबर नाही.

असं कोटेशन मी खालून वर वाचतो. प्रोसेसर आणि कार्ड यांची नावं गिऱ्हाईक पाठ करून आलेलं असतं, तिथे दुकानदाराला हात मारता येत नाही. मार्जिन निघतं ते एसएमपीएस, बोर्ड, रॅम, एसएसडी यांच्यातून, कारण त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही. इथेही तसंच होतं. फोन करून विचारल्यावर कळलं की १६ जीबी रॅम एकाच स्टिकमध्ये होती. डीडीआर४ची ३२०० स्पीडची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देऊ शकते, आठ-आठच्या दोन लावल्या तर तोच आकडा ५१.२ होतो. किमतीत फरक तेव्हा दोन-तीनशे रुपयांचा होता. मॉनिटर २७ इंची खरा, पण ७५ हर्ट्झचा. म्हणजे कार्डाने सेकंदाला १५० चित्रं तयार केली तरी पडद्यावर ७५च दिसणार. आणि ६५ वॉटच्या प्रोसेसरवर साडेपाच हजारांचा पाण्याचा कूलर, तर अख्ख्या मशीनला वीज पुरवणारा डबा बेनामी.

दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यातला एकही पार्ट खोटा नव्हता, आणि १२४००एफ तर चांगलाच प्रोसेसर आहे. गिऱ्हाईक ज्यावर भाळतं त्यावर पैसे लावले होते, एवढंच.

खोली बघायला लावली

भाच्याला मी आधी खोलीबद्दल विचारलं. तुझी खोली कुठल्या मजल्यावर, वर स्लॅब तापतो का, दुपारी चारला आत किती तापमान असतं. त्याला वाटलं मामा विषय टाळतोय. पण त्याने भिंतीवर थर्मामीटर लावला आणि चार दिवस आकडे पाठवले. मार्चच्या मध्यावरच दुपारी ३४-३५. मे महिन्यात ती खोली ४०ला जाणार हे ताईने न मोजताच सांगितलं.

या आकड्याचं महत्त्व का, ते सांगतो. कूलर कुठलाही असो, तो उष्णता चिपवरून उचलून खोलीतल्या हवेत टाकतो. म्हणून चिप कधीच नुसती '७२ अंशांवर' चालत नसते, ती खोलीपेक्षा अमुक अंश वर चालत असते. परदेशातल्या चाचण्या साधारण २१ ते २५ अंशांच्या खोलीत होतात. २२ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७२ दाखवतो, तो खोलीपेक्षा ५० अंश वर आहे. तोच प्रोसेसर, तोच गेम आणि तोच कूलर भुसावळच्या ४० अंशांच्या खोलीत ठेवा, आकडा ९०च्या घरात जाईल. आम्ही एएमडी कंपनीच्या ज्या रायझेन ५ ५६०० प्रोसेसरचा विचार करत होतो त्याची कमाल मर्यादाच ९० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःला जपायला वेग कमी करतो, आणि गेम खेळणाऱ्याला वाटतं की कार्ड कमी पडतंय.

एसएमपीएसचंही तेच. डब्यावर छापलेला वॉटचा आकडा कोणत्या तापमानाला खरा, हे चांगल्या कंपन्या आपल्या माहितीपत्रकात लिहितात. काहींचा ४० अंशांना, त्याहून चांगल्यांचा ५०ला. स्वस्तातले काही उत्पादक तो २५ला मोजतात. '८० प्लस ब्रॉन्झ'चा बिल्ला म्हणजे वीज कमी वाया जाते एवढीच ग्वाही. ती चाचणीही २३ अंशांच्या आसपास होते, आणि शॉर्ट सर्किट झालं तर डबा तुमचं कार्ड वाचवेल की घेऊन जाईल, हे तो बिल्ला सांगत नाही. भुसावळसाठी मी एकच अट धरली: ४० अंशांना ५५० वॉट सलग देईन असं कंपनीने लेखी म्हटलेलं हवं.

धुळीचा प्रश्न राहिला. ताई खिडकीचा कठडा रोज सकाळी पुसते आणि संध्याकाळी त्यावर पुन्हा बोट उमटतं. म्हणून समोर काच असलेलं कॅबिनेट मी पहिल्या फटक्यात बाद केलं. त्यात हवा कडेच्या बारीक फटींतून आत येते, पंखे जोर लावतात, दिवे छान दिसतात आणि आतली हवा शिळी राहते. समोर जाळी, जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर, आत हवा ओढणारे दोन मोठे पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक, असं कॅबिनेट निवडलं. बाहेर जाण्यापेक्षा आत येणारी हवा जास्त असली की आत किंचित दाब राहतो. मग फटींमधून हवा बाहेर पडते, धूळ शिरत नाही. जी येते ती फिल्टरमधूनच येते आणि फिल्टर नळाखाली धुता येतो. ३,९०० रुपयांना मिळालं. या सगळ्या यादीत पैशाचं सर्वात जास्त चीज झालं ते इथे, असं माझं मत आहे.

ग्राफिक्स कार्डावरून वाद

मी केलेल्या पहिल्या यादीत आरटीएक्स ४०६० नव्हतं. मी एएमडीचं आरएक्स ६६०० धरलं होतं. ते तेव्हा २०,५०० रुपयांना मिळत होतं, ४०६० २८,९०० ला. भाचा मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो. हा गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त भार टाकतो आणि ६६००वर मजेत चालतो. सायबरपंक २०७७सारखे जड गेमही १०८०पीवर (साध्या फुल एचडी पडद्यावर) सेटिंग थोडी उतरवली की चालतात. वाचलेल्या ८,४०० रुपयांत चांगला एसएमपीएस आणि कूलर दोन्ही बसत होते. मला हिशेब चोख वाटत होता.

भाचा दोन दिवस गप्प बसला आणि मग फोन केला. "मामा, ऐकून तरी घे. आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला मशीन लर्निंगचं प्रोजेक्ट असतं. सीनियर सगळे कुडावर काम करतात. ज्यांच्याकडे एएमडी आहे ते लॅबच्या पीसीवर नंबर लावून बसतात. आणि मला ब्लेंडर शिकायचंय."

मी 'आरटीएक्स' या नावाचं वेड समजून त्याचं बोलणं उडवून लावत होतो. पण मुद्दा खरा होता. कुडा ही ग्राफिक्स कार्डाकडून गणितं करून घ्यायची एनव्हीडियाची स्वतःची व्यवस्था आहे, ती दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर चालत नाही, आणि कॉलेजात शिकवतात ती बरीच साधनं तिच्यावर उभी आहेत. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर एएमडीच्या कार्डावर चालतं, पण रेंडरिंगचा, म्हणजे शेवटचं चित्र तयार करायचा, वेग एनव्हीडियावर चांगला मिळतो. चार वर्षं वापरायच्या मशीनमध्ये ही सोय नसेल तर ती नंतर विकत घ्यायची म्हणजे अख्खं कार्डच बदलायचं.

शिवाय माझ्याच उष्णतेच्या मुद्द्यावर ४०६० सरस निघालं. ६६०० जोरात चाललं की १३२ वॉट घेतं, ४०६० ११५. कार्ड जेवढे वॉट घेतं तेवढी उष्णता खोलीत सोडतं, त्यात सवलत नसते. याच हिशेबाने १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० मागे पडलं. त्याची मेमरी मशीन लर्निंगला ४०६०च्या ८ जीबीपेक्षा उपयोगी आहे, हे मला मान्य आहे. पण ते १७० वॉट घेतं आणि गेममध्ये ४०६०च्या मागे राहतं. ८ जीबीबद्दल माझ्या मनात अजून रुखरुख आहे. नव्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) वरच्या पातळीवर ठेवले की ते ती मेमरी भरतात. तरी त्या खोलीसाठी आणि त्या पैशांत मी पुन्हा ४०६०च घेईन.

कार्ड ठरलं तसा बोर्डही ठरला. ४०६० रुंद स्लॉटमध्ये बसतं, पण त्यातल्या १६ लेनपैकी (डेटाच्या वाटांपैकी) ८च वापरतं. पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांना जोडणारी वाट, ४.० असलेल्या बोर्डावर आठ लेनमधून सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, ३.०च्या बोर्डावर निम्मे. एरवी हे जाणवत नाही, पण कार्डाची ८ जीबी मेमरी भरली आणि डेटा रॅममधून आणावा लागला की तीच वाट अरुंद पडते आणि गेम अडखळतो. म्हणून ३.०चा बी४५० बोर्ड घेऊन दोन हजार वाचवण्याचा विचार सोडला आणि ४.०चा बी५५० घेतला.

प्रोसेसरवर फार वेळ घालवला नाही. रायझेन ५ ५६०० आणि १२४००एफ दोन्ही सहा कोअरचे आणि गेममध्ये जवळपास सारखे. बी५५० बोर्ड नीट किमतीत मिळत होता आणि त्याच सॉकेटमध्ये पुढे कधी आठ कोअरचा, ९६ एमबी कॅशचा (प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीचा) रायझेन ७ ५७००एक्स३डी बसवता येतो, म्हणून रायझेन. एएम५ सॉकेटची नवी पिढीही पाहिली. ती डीडीआर५वरच चालते, आणि प्रोसेसर, बोर्ड, रॅम मिळून पंधराएक हजार जास्त लागत होते. ते पैसे आणायचे तर कार्डातूनच काढावे लागले असते.

एसएसडी मात्र १ टीबीची घेतली. रेड डेड रिडेम्प्शन २ एकटाच १५० जीबी जागा मागतो. ५१२ जीबीमध्ये विंडोज, कॉलेजचं सॉफ्टवेअर आणि दोन मोठे गेम टाकले की पोरगं दर महिन्याला काय काढू आणि काय ठेवू करत बसतं. मॉनिटर २४ इंची, आयपीएस (कडेने बघितलं तरी रंग नीट दिसणारा पडदा), १६५ हर्ट्झ, १०,९०० रुपये. ७५ हर्ट्झवर नवं चित्र दर १३.३ मिलिसेकंदांनी येतं, १६५वर दर ६ मिलिसेकंदांनी. व्हॅलोरंट खेळणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, माउस हलवला की कळतो.

लॅमिंग्टन रोड

कॅबिनेट आणि मॉनिटर थेट भुसावळला मागवले. बाकीचं मी एका शनिवारी मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर घेतलं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण पार्ट घ्यायला येणारा कोणीही ते नाव घेत नाही.

तिथे भाव दारोदार बदलतो, पण बदल कशामुळे आहे ते विचारायला हवं. पहिल्या दुकानात प्रोसेसर नऊशे रुपयांनी स्वस्त होता. खोका मागितला तर कळलं तो ट्रेचा, म्हणजे खोक्याशिवाय सुटा विकलेला, माल आहे, सोबत कूलर नाही आणि वॉरंटी दुकानाची एक वर्ष. सीलबंद खोक्यावर कंपनीची तीन वर्षं असतात. दुसऱ्या दुकानात ५६०० संपला होता. माणूस अगदी मनापासून म्हणाला, "५६००जी घ्या ना साहेब, यात ग्राफिक्स फुकट येतं." ऐकायला छान वाटतं. पण 'जी'मध्ये एल३ कॅश ३२ऐवजी १६ एमबी असते आणि ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआय एक्सप्रेस ३.०च मिळतं. म्हणजे बोर्ड बी५५० घेऊनही ती वाट पुन्हा निम्मी झाली असती. वेगळं कार्ड लावायचंच नसेल त्याला 'जी' उत्तम, आम्हाला नाही.

तिसऱ्या ठिकाणी सगळं मिळालं. "बिल पाहिजे का?" हा प्रश्न येतोच. १८ टक्के जीएसटी वाचतो म्हणून हात आखडू नये. पक्कं बिल घ्यावं, त्यावर कार्ड, प्रोसेसर, बोर्ड, एसएमपीएस यांचे सीरियल नंबर लिहून घ्यावेत आणि दुकानातच खोक्यावरच्या नंबरांशी ताडून बघावेत. पाच मिनिटं लागतात. दोन वर्षांनी कार्ड बंद पडलं तर सर्व्हिस सेंटरवाला तो कागदच मागतो.

प्रोसेसर ११,९००, बोर्ड ८,६००, रॅम आठ-आठच्या दोन ३,५००, एसएसडी ५,४००, कार्ड २८,९००, ५५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस ४,२००, आणि प्रोसेसरसाठी १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर १,९००. खोक्यातला छोटा कूलर पुण्या-नाशकात चालून जातो, स्लॅबखालच्या त्या खोलीत नाही. टॉवरची उंची १५५ मिलिमीटर आणि कॅबिनेटची मर्यादा १६०, हे घेण्याआधी बघून ठेवलं होतं. कॅबिनेट-मॉनिटर धरून एकूण ७९,२०० झाले. कीबोर्ड आणि माउस घरचेच. युपीएसही घरचाच, असं मी यादीत लिहिलं होतं.

दाजींचे हात

पुढच्या शनिवारी कार्ड पाठीवरच्या बॅगेत, बाकीची खोकी दोन पिशव्यांत, असा भुसावळला पोचलो. रविवारी सकाळी चहा झाल्यावर जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली आणि जोडायला बसलो. दाजी इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये आहेत. ते नुसते बघायला म्हणून बसले आणि दहा मिनिटांत स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात होता.

आमच्या रायझेनसारख्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला पिना खाली असतात, केसाएवढ्या. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडून द्यायचा. तो आपल्या वजनाने बसतो, दाबायचा नाही. भाच्याच्या हाताला घाम सुटला होता, पण बसवला त्यानेच. त्यावर मुगाच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट, प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवायला. कूलरचे स्क्रू मी एका बाजूने पूर्ण आवळायला लागलो तसे दाजी म्हणाले, "नाही नाही, समोरासमोर घ्या, थोडं थोडं." इंजिनच्या झाकणाला तसंच करतात म्हणे. अगदी बरोबर आहे. एक बाजू आधी आवळली तर कूलर तिरका बसतो आणि पेस्ट एकीकडेच पसरते. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, कारण दोन स्टिक शेजारी-शेजारी लावल्या तर दुहेरी चॅनल मिळत नाही.

बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा. भाच्याचा चेहरा उतरला. केबल त्याने मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये लावली होती. ५६००मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे त्या खाचेतून काहीच बाहेर पडत नाही. खालच्या, कार्डाच्या खाचेत लावली आणि पडदा उजळला.

त्यानंतरची तीन कामं पुष्कळ लोक करत नाहीत आणि वर्षभर अर्ध्या वेगाने मशीन चालवतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रॅम २४०० दाखवत होती, एक्सएमपी ही रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग सुरू केल्यावर ३२०० झाली. विंडोजने मॉनिटर ६० हर्ट्झवर ठेवला होता, तो डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १६५ केला. आणि विंडोज ११वर व्हॅलोरंट उघडेना, कारण त्याला टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी सुरू लागतात. तेही बायोसमध्येच.

लाईट गेली की बंद

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तक्रार आली. लाईट गेली की पीसी धाडकन बंद. युपीएस टीं-टीं करतो, टेबलावरचा दिवा चालू राहतो, पीसी मात्र जातो. भाच्याने एका दुकानात विचारलं तर सांगितलं गेलं की ५५० वॉटचा एसएमपीएस कमी पडतोय, ७५० टाका. व्हिडिओंमध्येही त्याला तेच सापडलं. त्याचा सूर असा होता की मामाने एसएमपीएसवर कंजुषी केली.

असल्या वेळी अंदाजाने पार्ट बदलू नये, मोजावं. प्लगमध्ये लावायचा वॉट मीटर मी कुरिअरने पाठवला. नुसता डेस्कटॉप उघडा असताना ५० वॉट, व्हॅलोरंटला १४०, सायबरपंकला २२५. मॉनिटरचे वेगळे २२. म्हणजे ५५०चा एसएमपीएस निम्म्यावरही जात नव्हता, आणि लाईट असताना चार-चार तास खेळूनही मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं. दोष एसएमपीएसच्या अलीकडे होता.

मे महिन्यात गेलो तेव्हा दाजींनी होल्डरला १०० वॉटचे दोन जुने बल्ब लावले आणि ते युपीएसवर टाकले. युपीएसचा प्लग भिंतीतून काढला. बल्ब पिवळे पडत गेले आणि वीस सेकंदांत विझले. युपीएस उघडला, आत बॅटरीवर २०२०ची तारीख.

माझी चूक इथे होती. "घरी युपीएस आहे ना?" असं मी विचारलं, भाचा "आहे" म्हणाला आणि यादीतली ती ओळ मी शून्य रुपये लिहून पुढे सरकलो. किती व्हीएचा (युपीएसची क्षमता व्हीएमध्ये लिहितात), बॅटरी किती जुनी, काही विचारलं नाही. तो ६०० व्हीएचा होता, म्हणजे ३६० वॉटचा. कागदावर २५० वॉट त्यात बसतात. पण आत बॅटरी एकच, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची. २५० वॉट बाहेर द्यायचे तर आतली गळती धरून तिच्यातून २५ अँपिअर ओढावे लागतात. एवढ्याशा बॅटरीला ते नवी असतानाही जड जातं, चार उन्हाळे पाहिलेली बॅटरी तर तिथेच मान टाकते. टेबलावरचा नऊ वॉटचा दिवा चालू राहायचा यात नवल नव्हतं.

नवी बॅटरी हजार-अकराशेत आली असती. मी ११०० व्हीएचा, ६६० वॉटचा युपीएस घेतला, ५,६०० रुपये. त्यात दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट होतात, त्यामुळे तेवढ्याच कामाला निम्मे अँपिअर लागतात. ताईला दिलेल्या शब्दापेक्षा खर्च ४,८०० रुपयांनी वर गेला. युपीएसचे पैसे मी दिले, कारण ती ओळ मी कोरी सोडली होती. ज्यांच्याकडे लाईट जाते त्यांनी युपीएस पीसीचा पार्ट म्हणूनच यादीत धरावा, मॉनिटरच्या वर. आणि आजच्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाचं, वीज नीट ओढणारं सर्किट असतं, काही स्वस्त युपीएसशी त्या सर्किटचं जमत नाही. म्हणून घेतानाच लाईट काढून, गेम चालू ठेवून बघावं. आमचं जमलं. भर खेळात मी स्वतः प्लग काढला. पीसी चालू राहिला, पोराने सावकाश सेव्ह करून बंद केला.

मे महिन्यातली दुपार

त्याच मुक्कामात दुपारी चारला खोलीत ३९ अंश असताना तासभर सायबरपंक चालवून बघितला. प्रोसेसर ७६ अंश, कार्ड ७७. वेग कुठेही पडला नाही. व्हॅलोरंटमध्ये मात्र कार्ड विनाकारण सेकंदाला तीनशेच्या वर फ्रेम (चित्रं) काढत होतं, त्यातल्या १६५च्या पुढच्या पडद्यावर येतच नव्हत्या. गेमच्या सेटिंगमध्ये मर्यादा १६० ठेवली, मीटरवर पस्तीस वॉट उतरले आणि पंख्यांचा आवाज बसला.

घरातला मोठा डेझर्ट कूलर भाच्याने बरोबर कॅबिनेटसमोर आणून ठेवला होता, पीसी गार राहावा म्हणून. तो बाजूला करायला लावला. खानदेशच्या कोरड्या हवेत त्या कूलरने खोली सात-आठ अंश उतरते आणि पीसीलाही त्याचा फायदाच होतो, पण झोताबरोबर बारीक थेंब उडतात आणि तिथलं पाणी जड आहे. जाळीवर पांढरे ठिपके दिसायला लागलेच होते. कूलर आता खिडकीत आहे, कॅबिनेट दुसऱ्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर वर पाटावर. फिल्टर दर दुसऱ्या रविवारी धुवायचा, हे काम ताईने पोराकडे दिलंय.

निघायच्या दिवशी सकाळी दाजी मार्कर घेऊन खाली वाकले होते. नव्या युपीएसच्या पाठीवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'बॅटरी मे २०२४. तपासणी मे २०२६.' शेडमध्ये प्रत्येक बॅटरीवर असंच लिहितात, म्हणाले.